यम नव्हे, यमदूत

१९९५ साली 'सेल' या शोधपत्रिकेत एक निबंध छापून आला. त्याच्या शीर्षकातला पहिलाच शब्द होता 'यम'. यात विनोद काही नव्हता. मिशिगन विद्यापीठात विश्व दीक्षित यांच्या प्रयोगशाळेने माणसाच्या पेशीतल्या एका प्रथिनाला दिलेलं ते नाव होतं, कारण हे प्रथिन जागं झालं की पेशी मरते. त्याच प्रथिनावर आणखी दोन गट काम करत होते. एकाने त्याला आदल्या वर्षी सीपीपी३२ म्हटलं होतं, दुसऱ्याने अपोपेन म्हटलं. नावांचा हा गोंधळ बघून १९९६ मध्ये शास्त्रज्ञांनी या सगळ्या कुळाचंच नव्याने बारसं केलं, आणि आपल्या यमाचं नाव झालं कॅस्पेज-३.

नवं नाव शिस्तीचं असलं तरी मला जुनंच आवडतं. फक्त ते थोडं चुकलंय. आपल्या कथांमध्ये हिशोबाची वही चित्रगुप्ताकडे, निवाडा यमाकडे, आणि पाश घेऊन दाराशी येतात ते दूत. कॅस्पेज-३ कुणाचाही निवाडा करत नाही. वरून हुकूम आला की तो बजावायचा, एवढंच त्याचं काम. ते यम नव्हे, यमदूत आहे. हा फरक शब्दांपुरता नाही. कॅन्सरच्या पेशी मरत का नाहीत, हे कळायला नेमका हाच फरक लागतो.

आधी मरणाबद्दल. पेशी दोन तऱ्हांनी मरते. भाजलं, चिरडलं, रक्तपुरवठा तुटला, तर ती फुगून फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि आजूबाजूला दाह होतो. हा अपघाती मृत्यू. दुसरी तऱ्हा शांत असते. पेशी स्वतःच स्वतःला आवरते, आकसते, छोट्या पुड्यांमध्ये वाटली जाते आणि शेजारच्या पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. ना दाह, ना व्रण. १९७२ मध्ये जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलास्टेअर करी यांनी या दुसऱ्या मरणाला 'अपॉप्टोसिस' असं नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. झाडाला इजा होऊन पान तुटत नाही, झाडच ते सोडून देतं, तसं.

ही पानगळ तुमच्या-आमच्या शरीरात सतत चालू असते, दिवसाला अब्जावधी पेशींची. आईच्या पोटात असताना तुमचा पंजा आधी वल्ह्यासारखा सपाट होता. बोटांमधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मेल्या म्हणून पाच बोटं सुटी झाली. रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात, आणि त्यातल्या बहुसंख्य तिथेच मारल्या जातात, कारण त्या एक तर निरुपयोगी असतात किंवा स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या असतात. मरण हा इथे बिघाड नसून घडणीचा भाग आहे.

याची यंत्रणा सापडली ती एका मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीत. सी. एलेगन्स हे त्याचं नाव. या कृमीची वाढ इतकी काटेकोर असते की प्रत्येक पेशीची वंशावळ लिहून काढता येते, आणि जॉन सल्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकापाशी तासन् तास बसून ती लिहून काढली. उभयलिंगी कृमीत १०९० कायिक पेशी तयार होतात, त्यातल्या १३१ मरतात, ९५९ उरतात. दर वेळी त्याच १३१. रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी मग असे कृमी हुडकले, ज्यांच्यात या १३१ पेशी मरतच नव्हत्या. त्यांच्यात बिघडलेलं एक जनुक होतं सेड-३. सिडनी ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांना या कामासाठी २००२ चं नोबेल मिळालं. १९९३ मध्ये सेड-३ ची अक्षरं वाचली गेली, तेव्हा ती माणसाच्या एका आधीच ठाऊक असलेल्या एन्झाइमशी जुळली. पण गंमत अशी, की ते एन्झाइम मुख्यतः दाहाच्या कामाचं निघालं. मग खरा जोडीदार शोधायची शर्यत लागली, आणि त्या शर्यतीतूनच आपला यमदूत हाती आला.

आता त्याला जवळून बघू. एन्झाइम म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर, एखादी रासायनिक क्रिया झटपट घडवून आणणारं प्रथिन. प्रथिन ही अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ असते. कॅस्पेज-३ ही २७७ मण्यांची माळ आहे, तिचं जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे, आणि तिचं काम इतर माळा कापणं हे आहे. म्हणजे ही कात्री. पण वाटेल तिथे चालणारी कात्री नव्हे. तिचं पातं १६३ व्या जागेवरच्या सिस्टीन या मण्यात आहे, आणि ते पुढ्यातल्या माळेवर ॲस्पार्टिक आम्ल आलं की त्याच्या लगेच पुढे कापतं. त्यातही आधीचे तीन मणी तपासून घेतं. ॲस्पार्टिक, ग्लुटामिक, व्हॅलिन, ॲस्पार्टिक असा क्रम तिला सगळ्यात प्रिय. 'कॅस्पेज' या नावात पातं आणि कापायची जागा दोन्ही भरलेली आहेत, सिस्टीनच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या 'सी'चा 'क' आणि ॲस्पार्टिकमधला 'ॲस्प'.

पोटातली पेप्सिन किंवा ट्रिप्सिन ही एन्झाइमं प्रथिनांचा अक्षरशः भुगा करतात. कॅस्पेज-३ भुगा करत नाही. ते एका माळेला एक-दोन ठिकाणी छेद देतं आणि पुढच्या माळेकडे वळतं. तो छेद मात्र मर्मावर असतो. त्याने एखादं प्रथिन बंद पडतं, तर एखादं उलट बेलगाम सुरू होतं.

अशी धारदार वस्तू पेशी चोवीस तास घरात बाळगते, तेव्हा ती म्यानात असणं आलंच. नुसती घडवलेली माळ जवळजवळ निकामी असते. तिला कामाला लावायचं तर तिलाच कापावं लागतं. २८ व्या मण्यापाशी पुढचा तुकडा निघतो आणि १७५ व्या मण्यापाशी उरलेल्या माळेचे दोन भाग होतात, एक मोठा, एक छोटा. अशा दोन जोड्या एकत्र बसल्या की कात्रीची दोन्ही पाती मोकळी होतात. कापली गेल्यावरच कापू लागणारी कात्री! हुकूम म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही, हा छेद. तेव्हा प्रश्न असा उरतो की तो पहिला छेद देतं कोण.

दोन रस्ते आहेत. बाहेरचा रस्ता सोपा. पेशीच्या पृष्ठभागावर फास नावाचे ग्राहक, म्हणजे बाहेरचा निरोप आत पोचवणारी प्रथिनं, असतात. रोगप्रतिकारक पेशीने येऊन ते दाबले की आतल्या बाजूला त्याच कुळातलं कॅस्पेज-८ जागं होतं आणि ते कॅस्पेज-३ ला कापतं. मारेकरी टी-पेशी तर याहून घाईची असते. ती समोरच्या पेशीत ग्रॅन्झाइम-बी नावाची स्वतःची कात्री सोडते आणि थेट म्यानच फाडते.

आतला रस्ता लांबचा आहे आणि कॅन्सरच्या दृष्टीने महत्त्वाचाही. पेशीच्या डीएनएला जबर इजा झाली की पी५३ हे प्रथिन आधी विभाजन थांबवून दुरुस्तीला वेळ देतं, आणि दुरुस्ती जमत नसेल तर मरणाच्या बाजूने कौल देतं. हा कौल पोचतो तंतुकणिकांपाशी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियापाशी. तिथे बीसीएल-२ कुळातल्या प्रथिनांची रस्सीखेच चालू असते. बीसीएल-२ स्वतः पेशीला वाचवणाऱ्यांत. बॅक्स आणि बॅक मारणाऱ्यांत. मारणारे जिंकले की ते तंतुकणिकेच्या बाहेरच्या पटलाला भोकं पाडतात आणि त्यातून सायटोक्रोम-सी बाहेर सांडतं. हे प्रथिन एरवी श्वसनाच्या साखळीत इलेक्ट्रॉन पोचवायचं निमूट काम करतं. त्याच्याकडे मरणाचाही निरोप असतो हे १९९६ मध्ये शियाओडाँग वांग यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. जागा बदलली की अर्थ बदलतो. आत असेल तर जगणं, बाहेर दिसलं तर मरण.

बाहेर आलेलं सायटोक्रोम-सी ॲपॅफ-१ या प्रथिनाला जाऊन चिकटतं. अशा सात जोड्या मिळून सात आऱ्यांचं एक चाक तयार होतं, त्याला अपॉप्टोसोम म्हणतात. या चाकावर कॅस्पेज-९ येऊन बसतं, जागं होतं, आणि कॅस्पेज-३ ला तो नेमका छेद देतं.

एवढं होऊनही एक कडी बाकी असते. एक्सआयएपी नावाचं प्रथिन जागं झालेल्या कात्रीच्या पात्यातच जाऊन अडकून बसतं. ते बाजूला काढायला स्मॅक हे प्रथिन लागतं, आणि ते त्याच तंतुकणिकेतून, त्याच भोकांतून बाहेर येतं. म्हणजे कात्री परजणारा आणि तिची कडी काढणारा एकाच दारातून निघतात. चुकून हुकूम सुटू नये म्हणून पेशीने किती बंदोबस्त केलाय बघा.

कात्री चालू झाली की काय दिसतं? प्रयोगशाळेत काचेच्या तळाला पसरून चिकटलेली पेशी आधी कडा सोडवून घेते आणि गोल होते. मग तिच्या पृष्ठभागावर फोड उठतात, विरतात, पुन्हा उठतात, पाण्याला उकळी फुटावी तसे. यामागे एक साधा छेद आहे. रॉक-१ या एन्झाइमला स्वतःचा लगाम असतो, कॅस्पेज-३ तो लगाम तोडतं, आणि पेशीचा आतला सांगाडा अनावर आकसू लागतो. तिकडे केंद्रकात दुसरं नाट्य. डीएनए कापणारं एक एन्झाइम तिथे एका रक्षक प्रथिनाच्या मिठीत गप्प बसलेलं असतं. कॅस्पेज-३ रक्षकाला कापतं, ते एन्झाइम सुटतं आणि डीएनए तोडत जातं. डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, तेव्हा कापायला जागा मिळते ती दोन रिळांच्या मध्ये. त्यामुळे तुकडे येतात ते साधारण १८० अक्षरांच्या पटीत. जेलवर वीज लावून ते वेगळे केले की पायऱ्या-पायऱ्यांची शिडी दिसते. मेलेल्या पेशीची इतकी देखणी सही दुसरी नाही.

डीएनए दुरुस्त करणाऱ्या पीएआरपी-१ ची पाळीही येते. मरायचंच ठरलं, तर डागडुजीत ऊर्जा का घालवायची? तेही कापलं जातं. शेवटी पेशीपटलाच्या आतल्या बाजूला असणारी एक चरबी, फॉस्फॅटिडिलसेरीन, बाहेरच्या बाजूला येते. हा भक्षक पेशींसाठीचा इशारा, 'या, मला घेऊन जा.' हुकूम यायला कितीही तास लागोत, एकाच आई-पेशीपासून झालेल्या दोन पेशींतही त्यात बराच फरक पडू शकतो. पण तंतुकणिकेला भोकं पडली की कात्र्या बहुधा काही मिनिटांतच पुरत्या सुटतात.

आता कॅन्सर. डग्लस हॅनाहॅन आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांनी २००० साली कॅन्सरची ठळक लक्षणं मांडली, त्यात अपॉप्टोसिस चुकवणं हे एक होतं. कॅन्सरच्या पेशीत डीएनए मोडकातोडका असतो, विभाजन बेसुमार असतं. एरवी अशी पेशी केव्हाच मारली गेली असती. ती जिवंत आहे याचाच अर्थ तिने मरणाची वाट कुठेतरी अडवली आहे. वाचकाचा पहिला अंदाज असतो, कात्रीच मोडली असणार. माझाही तोच होता. तो बहुतेक वेळा चुकतो.

कॅस्पेज-३ चं जनुक कॅन्सरमध्ये क्वचितच बिघडलेलं सापडतं. कित्येक गाठींमध्ये तर म्यानातल्या कात्र्या निरोगी ऊतींपेक्षा जास्त असतात. बिघाड असतो वरच्या बाजूला. सुमारे निम्म्या कॅन्सरांमध्ये पी५३ निकामी असतं, म्हणजे निवाडा करणारा गेला. त्वचेच्या कॅन्सरच्या काही मेलॅनोमा गाठींमध्ये ॲपॅफ-१ चं जनुक मुकं केलेलं असतं, म्हणजे चाकच जुळत नाही. कुठे एक्सआयएपीसारख्या कड्या भरमसाट असतात. फॉलिक्युलर लिम्फोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये १४ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात आणि बीसीएल-२ चं जनुक नको तितकं जोरात चालू लागतं. हे जनुक पेशीला वाढायला लावत नाही, मरू देत नाही, हे १९८८ मध्ये मेलबर्नमध्ये डेव्हिड व्हॉक्स, सुझान कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी दाखवलं. तोवर कॅन्सर म्हणजे अतोनात वाढ एवढंच डोक्यात होतं. न मरणं हेही पुरतं, हे तेव्हा कळलं. सगळीकडे गोष्ट एकच. दूत दारात उभा आहे, हुकूमनामा पोचत नाही.

एक अपवाद सांगायलाच हवा, कारण तो जगभरच्या प्रयोगशाळांत रोज भेटतो. एमसीएफ-७ ही स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींची गेल्या शतकातली, अजूनही सर्वत्र वापरली जाणारी वाण. तिच्या कॅस्पेज-३ च्या जनुकात ४७ अक्षरं गळाली आहेत, त्यामुळे तिच्यात हे प्रथिन बनतच नाही. ठाऊक नसलेला विद्यार्थी चाचणीत त्याची पट्टी दिसत नाही म्हणून ते प्रथिन हुडकणाऱ्या अँटीबॉडीला दोष देत बसतो. या पेशी अमर आहेत का? नाही, औषधाने त्या मरतात, इतर कॅस्पेज काम निभावून नेतात. पण नेहमीची उकळी दिसत नाही, डीएनएची शिडी पडत नाही. १९९८ मध्ये त्यांच्यात धडधाकट जनुक परत घातलं आणि दोन्ही परतलं. कॅस्पेज-३ मरण ठरवत नाही, मरणाचं रूप ठरवतं, हे मला या प्रयोगाने जितकं पटलं तितकं कुठल्या आकृतीने पटलं नाही.

हा दूत नुसता मारतही नाही. स्नायूंच्या पेशी पक्व होताना कॅस्पेज-३ थोडंसं, बेताने चालतं. मेंदूत काही जोडण्या सैल करायला ते वापरलं जातं, आणि पेशी मरत नाही. १९९६ मध्ये हे जनुक काढलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्या मेंदूत नको तितक्या पेशी साचल्या आणि ते काही आठवड्यांतच मेले.

आणि मग २०११ ची गोष्ट, जी वाचून मी कॅस्पेज-३ ला सरसकट 'चांगलं' म्हणायचं सोडलं. किरणोत्सर्गाने गाठीतल्या पेशी मारल्या की त्यांच्यातलं कॅस्पेज-३ आणखी एका एन्झाइमला कापून चेतवतं, त्यातून पुढे प्रोस्टाग्लँडिन-ई२ तयार होतं, आणि हे रसायन शेजारच्या वाचलेल्या कॅन्सरपेशींना वाढायला उद्युक्त करतं. चुआन-युआन ली यांच्या गटाने उंदरांत हे दाखवलं. जखम भरतानाही मरणाऱ्या पेशी असाच निरोप सोडतात, 'मी चालले, जागा भरून काढा.' शरीराच्या दृष्टीने सोय. गाठीत मात्र तीच सोय उलटते. शिवाय सगळ्याच पेशी कात्री चालू झाल्यावर मरतात असंही नाही. मारक द्रव्य वेळेत काढून घेतलं तर काही पेशी उकळी फुटल्यावरही सावरतात, हे २०१२ मध्ये डेनिस माँटेल यांच्या गटाने दाखवलं.

म्हणून 'अमुक अर्काने कॅस्पेज-३ वाढलं, कॅन्सरवर उपाय सापडला' असा मथळा दिसला की मी पुढे वाचतो ते एकाच गोष्टीसाठी, शेजारची निरोगी पेशी वाचली का. डिशमधली पेशी मारणं मुळीच अवघड नाही. कात्री थेट उपसायचे प्रयत्नही झाले आहेत. पीएसी-१ नावाचा रेणू २००६ मध्ये समोर आला, जिथे म्यानातल्या कात्र्या जास्त तिथे तो जास्त काम करेल अशी त्यामागची कल्पना. तो माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचला.

पण दवाखान्यात खरी मजल मारली ती हुकूम अडवणाऱ्याला हटवणाऱ्या औषधाने. व्हेनेटोक्लॅक्स हा बीसीएल-२ च्या खाचेत जाऊन बसणारा रेणू. बीसीएल-२ ने जखडून ठेवलेली मरणाच्या बाजूची प्रथिनं त्याने सुटतात. बॅक्स-बॅकना मोकळं रान मिळतं, भोकं पडतात, चाक जुळतं, आणि कॅस्पेज-३ ला तो राहून गेलेला छेद मिळतो. २०१६ मध्ये अमेरिकेत या औषधाला दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. त्या आजारात पूर्ण मात्रा असते दिवसाला ४०० मिलिग्रॅम, पण पहिल्याच दिवशी तेवढी देत नाहीत. पहिला आठवडा २०, मग ५०, मग १००, मग २००, आणि पाचव्या आठवड्यात ४००. रक्तात पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक आम्ल किती चढलंय हे त्या काळात पुन्हा पुन्हा तपासतात. सुरुवातीपासून पूर्ण मात्रा दिली, तर इतक्या पेशी एकदम मरू शकतात की त्यांचा ऐवज उपसताना मूत्रपिंडांचीच दमछाक होते.